शेततळ्यात मासे पहाटे वर येतात, पावडर टाकू का?

प्रश्न: ३० बाय ३० मीटरचं प्लास्टिकचं शेततळं आहे, कटला रोहू मिळून ३००० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली, पाणी गर्द हिरवं झालंय, पहाटे मासे वर येऊन तोंड मारतात. दुकानदार म्हणतो चुना आणि प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंची पावडर) टाका. की सरळ बायोफ्लॉक (टाकीत सतत हवा देऊन दाट मासे पाळायची पद्धत) करू?

उत्तर: दादा, काहीही टाकू नका. ऑक्सिजन कमी पडतोय, रात्री पाणी हिरवं करणारं शेवाळ पण ऑक्सिजन खातं आणि मासे पण, म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो, ढगाळ हवेत तर अजूनच. खाद्य आजच थांबवा, पहाटे ३-४ ला मोटर लावून तळ्यातलंच पाणी उचला आणि उंचावरून परत तळ्यात पाडा. बोअरचं पाणी सोडायचं तर तेही उंचावरूनच, त्यात मुळात ऑक्सिजन कमी असतो. तळाचं काळं पाणी काढून पिकाला द्या, मातीच्या तळ्यात ती घाण जिरते, प्लास्टिकवर नुसती साचते.

चुना आता अजिबात नको. हिरव्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) दुपारी आधीच ९ कडे गेलेला असतो, त्यात चुना पडला की अजून चढतो आणि पाण्यातला अमोनिया विषारी होतो. चुना मासे सोडायच्या आधी, मातीच्या तळ्यात, पीएच ७ च्या खाली असेल तरच. दुकानदाराला गोणी खपवायची असते, मासे मेले तर नुकसान तुमचं. परत सांगतो, पीएच मोजल्याशिवाय चुना नाही!

खरी चूक ३००० ची आहे. एरेटर (पाण्यात हवा मारणारं यंत्र) नसेल तर एवढ्या तळ्यात ७००-८०० पुरे, कटला रोहू मृगळ तिन्ही मिळून. मासे वर येणं थांबलं की जास्तीचे सकाळच्या गारव्यात काढा. रोज हात कोपरापर्यंत पाण्यात घाला, तळवा दिसेना झाला की खाद्य बंद शेण बंद, कोंबडीखत तर प्लास्टिकच्या तळ्यात कधीच नको.

बायोफ्लॉकला हवा २४ तास लागते. लाइट गेली आणि जनरेटर नसेल तर तासाभरात टाकी साफ, आपल्याकडच्या लोडशेडिंगमध्ये बॅकअप नसताना त्या नादी लागूच नका, ट्रेनिंगवाला काही पण सांगू दे. आणि त्याच्यात बहुतेक करून तिलापिया पंगस असले मासे घेतात.

अनुदान प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत, सर्वसाधारण गटाला मंजूर खर्चाच्या ४०%, महिला आणि एससी-एसटी ६०%. खर्च करायच्या आधी योजना आता चालू आहे का ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय ऑफिसात विचारून घ्या.