गृहपाठाची गणितं: आधी एवढंच कर

नववीत भूमिती-बीजगणित अवघड वाटणारच, पण तुला जमेल.

भूमितीत आधी कच्ची आकृती काढ. समज, देवगडच्या बागेत १३ फुटी शिडी सरळ उभ्या माडाला टेकवली आहे, पाय बुंध्यापासून ५ फुटांवर. काटकोन दाखव, मापं लिही. शिडी हाच कर्ण, म्हणजे काटकोनासमोरची बाजू, हे लगेच दिसेल. कर्णाच्या वर्गातून (१३ × १३) पायाच्या अंतराचा वर्ग (५ × ५) वजा कर: १६९ − २५ = १४४, हा १२ चा वर्ग, म्हणजे शिडी १२ फुटांवर टेकली. आकृती टाळणारी पोरं इथे हमखास बेरीज करतात.

बीजगणितात एका ओळीत एकच पायरी.
३(क्ष − ४) = ९
३क्ष − १२ = ९
३क्ष = २१
क्ष = ७
कंसातल्या ४ लाही ३ ने गुणायचं, बहुतेकजण तिथेच चुकतात. शेवटी ७ घालून ताळा बघ.

अवघड प्रमेयं सध्या राहू देत. अडलीस तर वही घेऊन ये, चुकलेली ओळ खोडू नकोस; मला तीच बघायची आहे.