स्केचिंगची वही मध्येच सुटते, ती परत कशी धरायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्यात, हात बरा आहे, दर वर्षी नवी वही घेता, महिनाभर रोज काहीतरी काढता. मग बदली येते, बाळंतपण येतं, घरात कुणाचं आजारपण निघतं आणि वही सुटते. कपाटात पाच अर्धवट वह्या पडल्यात. सराव कायमचा टिकवायचा कसा?

बहुतेकांच्या डोक्यात ‘एक स्केच’ याचं एकच माप असतं: पाऊण तास, टेबल, बरा उजेड आणि भरलेलं पान. सुखाच्या महिन्यात ते जमतं. ओढाताणीच्या महिन्यात जमत नाही, आणि त्याहून लहान माप कधी वापरलेलंच नसल्यामुळे गाडी थेट शून्यावर येते. म्हणून मापं तीन ठेवा: दोन मिनिटांचं, पंधरा मिनिटांचं आणि दीड तासाचं. कुठल्या दिवसांत कुठलं चालवायचं ते आधीच ठरलेलं असू द्या. मूल तापाने फणफणलेलं असताना दोन मिनिटांचं स्केच झालं, तर त्या दिवसाचा सराव पूर्ण झाला. त्यात कमीपणा नाही.

दोन मिनिटांच्या स्केचला बॉलपेन आणि तळहाताएवढा कागद पुरतो. एक वस्तू, फक्त बाह्यरेषा, छटा नाही, खोडरबर नाही. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावरची सांडशी काढा, नाहीतर दारातल्या चपला. चप्पल हा फार गुणी विषय आहे. तळवा जमिनीवर आडवा, पट्टा वर उचललेला, दोन्ही पायांच्या दिशा वेगळ्या. पट्ट्याखालची रिकामी जागा आधी काढलीत, तर पट्टा आपोआप बसतो.

तेवढंही समोर बसून जमत नसेल तर स्मरणचित्र करा. परीक्षेत ‘बाजार’ किंवा ‘बसस्टॉप’ असा विषय यायचा आणि आपण पाठ केलेल्या त्याच चार आकृत्या ठोकून द्यायचो. ते विसरा. दिवसभरात एकच गोष्ट वीस सेकंद नीट बघायची, मनात तीन गोष्टी नोंदवायच्या (मान कुठे झुकली, वजन कुठल्या पायावर, सगळ्यात गडद काय) आणि रात्री त्या तीनच कागदावर उतरवायच्या. चेहरा, बटणं, पिशवीवरची अक्षरं आठवत नसतील तर भरू नका. मनाने भरलेला तपशील सवयीचा असतो, आणि सवय मोडण्यासाठीच तर बघायचं असतं.

लोकलमध्ये काढायचं असेल तर एक पान, पाच माणसं. समोरचा हलला की त्याच्यावर चिडून उपयोग नाही. शेजारी दुसरी आकृती सुरू करा. बसलेला माणूस ठरावीक तीन-चार बसण्यांतच फिरत असतो, त्यामुळे थोड्या वेळाने तो पहिल्या बसण्यात येतो. तेव्हा आधीच्या आकृतीकडे परता. डोकं सोडून खांद्यांच्या तिरप्या रेषेपासून सुरुवात करा. डोक्यापासून सुरू केलं की चेहऱ्यातच स्टेशन येतं. कुणाच्या लक्षात आलं आणि त्याला आवडलं नाही, तर वही मिटायची. वाद घालायचा नाही.

आता घरात तान्हं बाळ असतानाचे दिवस. वेळ कधी मिळेल सांगता येत नाही, हात रिकामा नसतो, पण मॉडेल मात्र चोवीस तास घरात. बाळ झोपल्यावर पहिली काही मिनिटं ते हातपाय हलवत असतं. मुठी सैल पडल्या की बसा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे बाळ चाळिशीचं दिसणं. त्याचं कारण प्रमाणात आहे. मोठ्या माणसाची उंची साधारण सात ते साडेसात डोकी भरते. नवजात बाळाची चारच. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात, बाळाचे मध्याच्या बरेच खाली, आणि वर नुसतं कपाळ. आपण सवयीने डोळे मध्यावर ठेवतो, त्यामुळे कपाळ आखूड होतं, हनुवटी लांबते आणि बाळाचा काका तयार होतो. म्हणून आधी डोक्याचा मोठा गोल काढा, मध्यरेषा मारा आणि डोळे, नाक, ओठ सगळं तिच्या खालच्या भागात बसवा. मान जवळजवळ दाखवूच नका. गाल खांद्याला टेकतो. झोपलेल्या बाळाची पापणी म्हणजे एकच खाली झुकलेली रेघ, तिथे पापण्यांचे केस मोजत बसू नका.

दवाखान्यातले दिवस वेगळे. तिथे पेन्सिल नको. सोललेला कचरा पडतो, टोक तुटतं, बोटं काळी होतात आणि त्याच हाताने पेशंटला धरायचं असतं. बॉलपेन न्या. कॉटवरच्या माणसाचा चेहरा काढायच्या फंदात पडू नये असं माझं मत आहे. त्याला ते नको असू शकतं आणि नंतर तुम्हालाही ते पान उघडवत नाही. सलाइनचा स्टँड, थर्मास, खिडकीचे गज, पायथ्याची चादर एवढं पुष्कळ आहे. चादरीच्या चुण्या वाटेल तशा नसतात. कापड जिथे अडकलंय किंवा दबलंय (गुडघा, गादीची कड) तिथून त्या पसरतात. ती ताणाची जागा आधी शोधा, मग तिथून निघणाऱ्या चार-पाचच रेषा काढा. बाकी कागद कोरा ठेवा. आणि औषधाच्या बिलामागे काढू नका. त्या गुळगुळीत थर्मल कागदावर जेलपेन पुसलं जातं, शिवाय बिल मेडिक्लेमला लागतं.

चाळिशी लागल्यावर बऱ्याच जणांचं स्केचिंग सुटतं आणि त्यांना वाटतं कंटाळा आला. कारण बहुधा चष्म्याचं असतं. वाचायचा चष्मा लावला तर कागद स्पष्ट दिसतो पण समोरचं झाड धुरकट, काढला तर उलटं. दर पाच सेकंदाला नजर वर-खाली करायची, त्यात डोकं दुखतं आणि माणूस वही मिटतो. यावर उपाय दोन. एक, दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काच. दुसरा फुकटचा: कागद लांब न्या. ए-३ आकाराचं पान बोर्डावर उभं टेकवा, हात लांब ठेवून ६बी (मऊ, गडद शिशाच्या) पेन्सिलीने किंवा जाड मार्करने मोठं काढा. रेघ जाड असली की चष्म्याशिवाय दिसते. बोटांचे सांधे दुखत असतील तर हीच पद्धत तिथेही उपयोगी पडते, कारण रेघ बोटांऐवजी खांद्यातून येते. पेन्सिलीला फोमची नळी किंवा कापडाची पट्टी गुंडाळून ती अंगठ्याएवढी जाड करा आणि वीस मिनिटांनी हात मोकळा सोडा. शांतिनिकेतनचे चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशीत मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण गेली, तरी ते रेखाटत राहिले, कागद कापून चित्रं करत राहिले आणि १९७२ साली तिथल्याच कलाभवनात त्यांनी टाइल्सचं भित्तिचित्र केलं. साधन बदलायची तयारी ठेवणं म्हणजे काय, ते तिथे दिसतं.

पावसाळ्याचं एवढंच सांगतो: कागद ओल धरतो, पृष्ठभाग मऊ पडतो, पेन्सिलीने चर उमटतात आणि फाउंटन पेनची शाई फुटते. जून ते सप्टेंबर बॉलपेन वापरा आणि वही सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवा. बॉलपेनची शाई उजेडात फिकी पडते, त्यामुळे ते चित्र भिंतीवर लावायचं नाही. मिटलेल्या वहीत त्रास नाही.

इंकटोबरसारख्या रोज एक चित्र अशा आव्हानांबद्दलही विचारलंय. चित्रकार जेक पार्करने इंकटोबर २००९ मध्ये सुरू केलं, ३१ दिवस ३१ शाईची चित्रं. सुखाच्या महिन्यात मजा येते. पण आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे दसऱ्या-दिवाळीची धांदल, सहामाही परीक्षा, घराची साफसफाई. अकराव्या दिवशी खाडा पडतो, बाराव्याला दोन काढायची ठरतात, पंधराव्याला पाच साठतात आणि सगळंच सुटतं. खाड्याची भरपाई कधीच करायची नाही, हा एक नियम मात्र मी कडक ठेवायला सांगेन. चुकलेला दिवस चुकला. त्यापेक्षा माणसांबरोबर ठरवलेला एक रविवार जास्त टिकतो. अर्बन स्केचर्स ही मंडळी (सिअ‍ॅटलच्या गॅब्रिएल कँपानारिओने २००७ मध्ये ऑनलाइन गट म्हणून सुरुवात केली) जागेवर बसून काढतात आणि चित्रावर ठिकाण-वेळ लिहितात. तुमच्या शहरात असा गट असेल तर दीड तासाचं माप त्यांच्याबरोबर भागवा.

सामान कमी ठेवा. एक २बी पेन्सिल, एक बॉलपेन, एक पातळ वही. पेन्सिल पडली की आतलं शिसं तुकड्या-तुकड्यांत मोडतं आणि मग कितीही टोक केलं तरी गळत राहतं. अशी पेन्सिल सरळ बदला. महाग, जाडजूड वही घेऊ नका. तिचं भय वाटतं आणि ती संपत नाही. २२ बाय ३० इंचाचा, १३० ते १५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घ्या, त्याचे ११ बाय साडेसात इंचाचे आठ तुकडे करा, चार-चार एकत्र दुमडा आणि दुमडीवर तीन भोकं पाडून दोऱ्याने शिवा. साडेपाच बाय साडेसात इंचाच्या, १६ पानी दोन वह्या होतात. आठही तुकडे एकाच शिवणीत घातलेत तर घडी फुगते आणि आतली पानं बाहेर डोकावतात. १६ पानं वाईट महिन्यातही संपतात, आणि संपलेली वही पुढची उघडायला लावते. २बीचं पान समोरच्या पानावर घासून डागतं, म्हणून मध्ये बटर पेपर घाला.

आता खंडानंतर परत सुरू करणं. सहा महिन्यांनी हातात पेन धरलं की पहिली रेघ केसाळ येते, म्हणजे छोट्या-छोट्या तुकड्यांची. बोटं आवळलेली असतात आणि हात नुसत्या मनगटातून हलतो. पेन कागदाला न टेकवता त्याच मार्गावर दोनदा फिरवा, तिसऱ्यांदा टेकवून एका दमात ओढा. अशा दहा सरळ रेषा, दहा लंबगोल. मग ‘परतीची वस्तू’. घरातली एकच वस्तू कायमची नेमून ठेवा आणि प्रत्येक खंडानंतर पहिलं स्केच तिचंच काढा, म्हणजे काय काढू या प्रश्नात दिवस जात नाही. मी तांब्या सुचवतो.

तांब्या नजरेच्या खाली, टेबलावर ठेवा. मधली उभी रेघ मारा. कोपर ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवून उंचीच्या मानाने पोटाची रुंदी मोजा. कोपर वाकलं की माप बदललं. मग तीन लंबगोल: काठाचा, पोटाचा, बुडाचा. काठ नजरेच्या जवळच्या पातळीत असतो म्हणून त्याचा लंबगोल सगळ्यात चपटा, पोटाचा जरा उघडा, बुडाचा सगळ्यात उघडा. जवळजवळ सगळे उलट करतात. तोंड गोल आहे हे माहीत असतं म्हणून काठ भरपूर उघडतात, आणि तांब्या सपाट बसलाय हे माहीत असतं म्हणून बूड पट्टीने मारल्यासारखं सरळ. तसा तांब्या टेबलावरून घसरताना दिसतो. लंबगोलाच्या दोन्ही टोकांना टोकदार कोपरा नको, तिथेही रेघ वळतेच. बाह्यरेषा झाली की वही उलटी धरून बघा, एक बाजू फुगली असेल तर लगेच कळेल. स्टीलच्या चकाकीत सगळ्यात गडद पट्टा सगळ्यात उजळ पट्ट्याला खेटून असतो. उजळ पट्टा म्हणजे कोरा कागद, तो आधी राखून ठेवायचा. पंधरा मिनिटांत पहिली पाच मोजणी आणि लंबगोलांना द्या, छटेला शेवटची पाच पुरेत.

राहिल्या त्या पाच अर्धवट वह्या. नवी शिवायच्या आधी त्यातली सगळ्यात जुनी घ्या, उलटी करा आणि शेवटच्या पानापासून तांब्याने सुरुवात करा, कोपऱ्यात तारीख टाकून. दोन्हीकडची पानं मध्ये कुठेतरी भेटतील, तिथे जुनं आणि नवं स्केच समोरासमोर येईल.