महासाथ ओसरल्यावर रोजचं जगणं खरंच बदलतं का?

एवढी मोठी साथ येऊन गेल्यावर लोकांचं रोजचं जगणं कायमचं बदलतं, की हळूहळू सगळं मूळपदावर येतं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात कोथरूडला राहते. या शहराकडे बघून मला वाटतं, भीतीपोटी लागलेल्या सवयी लवकर सुटतात. ज्यात कुणाची सोय आहे किंवा पैसे वाचतात, तेवढंच मागे उरतं.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवस. २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलला, राज्यातले निर्बंध उठले, मास्कची सक्तीही गेली. पुढे बघता बघता मास्क दिसेनासे झाले. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतरही हेच झालं होतं. वारीचंही तसंच. २०२० आणि २०२१ मध्ये माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला न्याव्या लागल्या, तेव्हा पूर्वीसारखी वारी आता व्हायची नाही असं पुष्कळांना वाटलं. २०२२ ला पालखी पायी निघाली आणि पुण्यातले रस्ते पुन्हा दुतर्फा भरले.

टिकलं ते वेगळंच. कोथिंबिरीच्या जुडीचे दहा रुपयेसुद्धा आता क्यूआर कोडवर जातात. हिंजवडीतली बरीच मंडळी आठवड्यातले काही दिवस घरून काम करतात.

आणि आमच्या सोसायटीचं गेट. साथीत तिथे वॉचमन कपाळासमोर थर्मामीटर धरायचा, पण तो घरकामाच्या मावशींच्या आणि इस्त्रीवाल्याच्या. आम्ही राहणारे न तपासता आत जायचो. मावशींना ताप निघाला की परत पाठवायचे आणि खाडा लागायचा. मग अंगात कणकण आहे हे कोण कशाला सांगेल? तापाची गोळी घ्यायची आणि यायचं. आजारी माणसाला घरी बसणं परवडत नसेल तर कुठलाही रोग पसरणारच. भरपगारी आजारपणाची रजा हा साथ रोखायचा उपाय आहे, मेहेरबानी नाही. आज थर्मामीटर गेलाय. मावशींच्या येण्या-जाण्याची नोंद ठेवणारं ॲप मात्र राहिलं, कारण त्यात आमची सोय आहे.

पुण्याला हे नवं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्चला गेल्या. प्लेग आवरायला नेमलेल्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखालच्या सोल्जरांनी घरोघरी शिरून झडत्या घेतल्या, त्याचा संताप पुढे गणेशखिंडीत उसळला, चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी साथरोग कायदा झाला, सरकारच्या हातात भरपूर अधिकार देणारा. २०२० मध्ये पुन्हा तोच काढला गेला. अधिकार असे शंभरावर वर्षं टिकले. आजाऱ्याच्या घरी चूल कशी पेटायची, हे मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या भलेपणावरच राहिलं.

त्यामुळे पुढच्या साथीनंतर काय बदलेल म्हणाल, तर आत्ता जे लिहून, ठरवून ठेवू तेच. गेल्या पावसाळ्यात आमच्या मावशींना डेंगी झाला. आम्ही पूर्ण पगार दिला, आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या घरी खाडे कापले गेले. एकाच बाईचं, एकाच आजारातलं हे. म्हणून तापाचे खाडे कापायचे नाहीत असा ठराव व्हावा, असा अर्ज मी सोसायटीच्या कमिटीकडे दिलाय. येत्या सर्वसाधारण सभेत तो चर्चेला येईल. तुमच्या सोसायटीत द्यायचा असेल तर मसुदा पाठवते.