अलास्कातल्या कोडिअ‍ॅक बेटावर गाइडशिवाय हरणाच्या शिकारीला जायचं आहे, नियोजन कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की सिएटलचे तुम्ही तिघे मित्र, त्यातला एक एच-वन-बी व्हिसावर, नोव्हेंबरात आठ दिवसांची रजा काढून कोडिअ‍ॅकला जायचं म्हणताय. गाइड परवडत नाही, आणि हरणं दिसतील की नाही याची काळजी वाटतेय. मी त्या बेटावर चार वेळा जाऊन आलोय. हरणं दिसतील, ती काळजी सोडा. हरीण पडल्यावर त्याचं मांस डोंगरावरून किनाऱ्यापर्यंत, किनाऱ्यावरून गावापर्यंत आणि तिथून तुमच्या फ्रीजरपर्यंत कसं पोचणार, हे आधी ठरवा. मुक्काम कुठे, किती दिवस, रायफलबरोबर काय न्यायचं, हे सगळं त्या उत्तरावरून ठरतं. मी पहिल्या वेळी उलटं केलं होतं.

आधी बेटाविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिटका ब्लॅक-टेल जातीची ही हरणं तिथली मूळची नाहीत. १९२४ ते १९३४ या काळात आग्नेय अलास्कातून तीन खेपांत जेमतेम २५ हरणं आणून सोडली, त्यांचा हा सगळा विस्तार. १९५३पासून शिकारीला परवानगी आहे. अस्वलं मात्र मूळची. कोडिअ‍ॅक आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडं लहान आहे, आणि आजूबाजूची बेटं धरून तिथे साधारण ३,५०० तपकिरी अस्वलं राहतात. रस्ते म्हणाल तर ईशान्य कोपऱ्यात कोडिअ‍ॅक गावाभोवती काय ते दीडएकशे किलोमीटर. बाकी सगळीकडे बोट नाहीतर पाण्यावर उतरणारं छोटं विमान. बेटाचा बराचसा भाग १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यात येतो, तरी किनाऱ्यालगतच्या पुष्कळ जमिनी तिथल्या आदिवासी लोकांच्या कंपन्यांच्या मालकीच्या आहेत. तिथे पाऊल ठेवायचं तर त्यांची परवानगी आधी काढावी लागते. नकाशावर मालकीच्या रेषा बघूनच जागा निवडा.

कागदपत्रांचं आता उरकून घेऊ. तुमच्या व्हिसावरच्या मित्राची गोष्ट सगळ्यात आधी सोडवा. जो अमेरिकेचा नागरिक नाही आणि ज्याचं कायमचं घर अमेरिकेत नाही, त्याला अलास्कात कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी गाइड बंधनकारक आहे. दुसऱ्या राज्यातल्या नागरिकाला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि डोंगरी बकरा यांच्यासाठी गाइड लागतो, हरणासाठी लागत नाही. तुमचा मित्र यातल्या कुठल्या खान्यात बसतो, हे अलास्काच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याला ईमेल करून लेखी विचारा. शिवाय तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने रायफल किंवा काडतुसं जवळ बाळगणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. त्याला जे थोडे अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्यातरी राज्याचा चालू शिकार-परवाना. म्हणजे परवाना हातात येईपर्यंत त्याने बंदुकीला हातही लावायचा नाही. तो नुसता सोबत आला, वाहायला आणि पहारा द्यायला, तरी त्याचा उपयोग मोठा आहे. का ते पुढे सांगतो.

उरलेल्यांना परवाना, हरणाचा टॅग (मारलेल्या हरणाला लावायची खूण) आणि हार्वेस्ट तिकीट (शिकारीची नोंद ठेवायचं कार्ड) लागेल. परराज्यातल्या माणसाला परवाना १६० डॉलर, टॅग ३०० डॉलर. कोडिअ‍ॅक 'युनिट ८' या शिकार-विभागात येतं, रस्त्यालगतच्या भागाचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत. एखादा हिवाळा जबर गेला की हरणं मोठ्या संख्येने मरतात, मग किती मारायची याची मर्यादा बदलते. म्हणून कुणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, त्या वर्षीची शिकारीच्या नियमांची पुस्तिका वाचा.

आता माझ्या दुसऱ्या खेपेची गोष्ट. आम्ही दोघे उगानिक उपसागराच्या काठी तंबू ठोकून होतो. नोव्हेंबरच्या मध्याला तिथे नर माजावर असतात आणि बर्फामुळे उंचावरची हरणं खाली सरकतात, म्हणून तो काळ निवडला होता. तुमचाही बेत बरोबर आहे. पण तेव्हा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, चारनंतर उजेड जायला लागतो. दुपारी पावणेतीनला मला एक चांगला नर मिळाला, तंबूपासून दीडएक किलोमीटर वर. गोळी नीट बसली, हरीण जागीच पडलं. मला फार आनंद झाला होता.

तिथे उतारावर आल्डरची झुडपं असतात. बर्फाच्या भाराने त्यांच्या फांद्या उताराच्या दिशेने आडव्या वाढतात. वर चढताना त्या भाल्यासारख्या अंगावर येतात, उतरताना पायात अडकतात. ओझं घेऊन त्यातून शंभर पावलं जायला दहा मिनिटं लागतात. मी सोलायला बसलो, जोडीदार माझ्याकडे पाठ करून रायफल घेऊन उभा राहिला. हात कोपरापर्यंत रक्ताने भरलेले, वाफ निघतेय, बोटं गार पडून सुरी धड धरवत नाही. दोन्ही मांड्या आणि एक फरा पिशवीत गेला आणि जोडीदार हळूच म्हणाला, "समोर बघ." पलीकडच्या उतारावर अस्वल मागच्या पायांवर उभं राहून नाक वर करून वास घेत होतं. मग खाली बसलं आणि सरळ आमच्या दिशेने चालायला लागलं. पळत नव्हतं. आम्ही मोठ्याने बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून, हातातल्या पिशव्या घेऊन मागे सरलो. उरलेलं त्याचं झालं.

हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण कायदाही इथे अस्वलाच्या बाजूने आहे आणि तो मला योग्य वाटतो. जीव धोक्यात आला तर गोळी झाडता येते, शिकारीचं मांस वाचवायला नाही. अस्वलाने ताबा घेतला की सोडून द्यायचं, आणि ते हरीण तुमच्या मर्यादेत मोजलं जातं ते जातंच. अस्वल आलं नाही तर मात्र खाण्याजोगं एक कणही मागे ठेवायची मुभा नाही. मांड्या, फरे, मान, छाती, बरगड्यांवरचं, कण्यालगतचं सगळं आणावं लागतं, आणि शिंगं मांसाच्या आधी खाली नेता येत नाहीत. त्या रात्री झोप लागली नाही. मी एका जनावराचा जीव घेतला आणि त्याचं अर्धं अंगही घरी आणू शकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर आम्ही नियम केला: दुपारी एकनंतर गोळी नाही, आणि किनाऱ्यापासून एक किलोमीटरच्या पलीकडे गोळी नाही, समोर कितीही मोठा नर उभा असो. हरीण पडलं की एकाने सोलायचं, दुसऱ्याने फक्त आजूबाजूला बघायचं. तुमच्या व्हिसावरच्या मित्राचं काम हे, हातात अस्वलाचा स्प्रे, म्हणजे अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा घेऊन. जे कापून होईल ते लगेच कोथळ्यापासून शंभरेक पावलं दूर, मोकळ्यावर नेऊन ठेवायचं, म्हणजे परत येताना लांबून दिसतं तिथे कोणी बसलंय का. नर जिवंतपणी साधारण ५५ किलोचा, हाडं काढून वीस-पंचवीस किलो मांस निघतं. एका माणसाच्या पाठीवर तेवढं पुरे.

म्हणूनच पहिल्या वेळी तंबूत राहू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे शिकाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बोटी मिळतात, त्यांना ट्रान्सपोर्टर म्हणतात. परवाना असलेलीच बोट घ्या. ते तुम्हाला सकाळी किनाऱ्यावर सोडतात, संध्याकाळी उचलतात. शिकारीत मदत करायची त्यांना कायद्याने परवानगी नसते, ते गाइड नव्हेत, त्यामुळे तुमच्या खिशालाही झेपतील. झोप बोटीवर, मांस बोटीवर वाऱ्यावर टांगलेलं. अस्वलाची आणि पावसाची अर्धी चिंता तिथेच मिटते. तंबूच हवा असेल तर बॅटरीवर चालणारं विजेचं कुंपण न्या, तंबूला एक आणि मांसाला एक, दोन्हींत चांगलं अंतर ठेवून. ओढ्याच्या तोंडाशी कधीच मुक्काम करू नका, तो अस्वलांचा रोजचा रस्ता असतो. मांस प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, आत घाम धरून नासतं. हवा खेळेल अशा कापडी पिशव्या घ्या.

कपड्यांत सुती काही नको, आतल्या बनियनपासून सगळं लोकरीचं. आपले धनगर पावसात घोंगडी पांघरतात ते उगाच नाही, लोकर भिजली तरी ऊब धरते. कोडिअ‍ॅकची थंडी उणे वीसची नसते, शून्याच्या आसपासची ओली थंडी असते, आणि माणसं तिनेच गारठून मरतात.

अस्वलाचा स्प्रे आणि स्टोव्हचे गॅसचे डबे प्रवासी विमानात चालत नाहीत, सामानातही नाही. ते कोडिअ‍ॅक गावात विकत घ्या. छोट्या विमानाने जाणार असाल तर पायलटला स्प्रेबद्दल आधी सांगा. आमच्या पायलटने तो विमानाखालच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ पायातल्या कप्प्यात ठेवला होता, कारण आत फुटला तर त्याला दिसायचं बंद होईल.

आणि आठ दिवस पुरणार नाहीत. डोंगरावरून अचानक कोसळणारा वारा तिथे नेहमीचा, त्याला विलिवॉ म्हणतात. पहिल्या खेपेला आम्ही ठरल्या दिवसानंतर चार दिवस विमानाची वाट बघत बसलो होतो, शेवटी भात आणि मीठ एवढंच उरलं होतं. अकरा-बारा दिवसांची रजा काढा, परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या, चार दिवसांचा जादा शिधा ठेवा, आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र भाड्याने का होईना, न्याच.

गावात परतल्यावर मेण लावलेली माशांची खोकी मिळतात. मांस गोठवून प्रत्येक खोकं २३ किलोच्या आत भरा, म्हणजे विमानात साध्या सामानासारखं जातं. तिघांत वाटे घालणार असाल तर एक लक्षात ठेवा. ज्याने हरीण मारलं त्याचं मांस दुसऱ्याच्या खोक्यातून जाणार असेल, तर ताबा दिल्याचा फॉर्म भरून, सह्या करून त्याच्या खिशात द्या. तो नियमांच्या पुस्तिकेतच छापलेला असतो, निघण्यापूर्वी त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा.