मोगऱ्याचे पहिले झुडूप लावताना

बेळगावच्या आपल्या बागेत पहिले झुडूप म्हणून लायलॅक, म्हणजे थंड प्रदेशातले सुवासिक फुलांचे झुडूप, ठेंगण्या जातीचे लावावे का, असे आपण विचारले आहे; ती इच्छा मी समजू शकतो. परंतु त्याला भरघोस फुलण्यासाठी हिवाळ्यात अनेक आठवडे कडक थंडी लागते, आणि बेळगावची थंडी त्याला पुरत नाही. म्हणून सुवासिक, आटोपशीर झुडपाची सुरुवात आपण मोगऱ्यापासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी जागा पाहावी. निदान सहा तास ऊन हवेच, कारण सावलीत झुडूप हिरवेगार वाढते पण कळ्या फारशा धरत नाही. खानापूरकडच्या तांबड्या मातीत शेणखत सढळ हाताने घालावे. निपाणीकडच्या काळ्या मातीत मात्र वाफा वीतभर उंच करावा, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून मुळे कुजतात.

नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे छाटणीची भीती. मोगऱ्याची फुले नव्या फुटीवर येतात, त्यामुळे जानेवारीच्या सुमारास पाणी कमी करून फांद्या निम्म्यापर्यंत, डोळ्याच्या (म्हणजे फांदीवर जिथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) किंचित वर, धारदार कात्रीने निर्धास्तपणे छाटाव्यात. पुढे पोपटी कोंब फुटतात आणि त्यांच्या टोकाशी बहुधा तीन-तीन कळ्यांचे झुपके दिसू लागतात. ते पाहण्याचा आनंद खरोखर मोठा असतो.

युरियाचा मारा टाळावा, त्याने नुसती पाने माजतात. बोटाचे पेर मातीत खुपसून ती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. पहिल्या वर्षी फुले कमी आली तरी झाड उपटू नये. फवारणीविषयी पहिला बहर झाल्यावर अवश्य विचारावे.