टाकीतला सकर मुठेत सोडू का?

प्रश्न : टाकीतलं शेवाळ खायला म्हणून बोटाएवढा सकर मासा आणला होता. आता तो वीतभराहून मोठा झालाय, टाकी पुरत नाही. सासूबाई म्हणतात, मुठेत सोडून दे, जीव वाचवल्याचं पुण्य लागेल. सोडू का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, हात जोडून सांगते, सोडू नका. मुठा मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमेवर उजनी. माझं माहेर भिगवणचं. भाऊ अजून उजनीत जाळं टाकतो. सकरच्या अंगावर हाडांचं चिलखत आणि परांना टणक काटे. तंगुसाच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या जाळ्यात तो असा गुंततो की सोडवताना जाळंच कापावं लागतं. वर त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही.

हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेतला. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की वर येऊन हवा गिळतो आणि पोटातून ती शोषतो. म्हणून आपले मासे गुदमरतात त्या घाण पाण्यातही हा तगतो. नर काठाच्या मातीत बिळं खोदतो, मादी त्यात अंडी घालते, नर राखण करतो. बिळांनी काठ पोखरले की ढासळतात. काट्यांमुळे मोठ्या सकरच्या वाटेला फारसं कुणी जात नाही.

चिलापी ही मासळीही अशीच बाहेरची, 1952 मध्ये मुद्दाम आपल्या देशात आणली, सहज वाढते म्हणून. आज उजनीतून तिला काढणं कुणालाच शक्य नाही. निदान ती खाल्ली तरी जाते!

सासूबाईंची माया खरी आहे, ती मला मोडायची नाही. पण त्यांना सांगा, नदीत आधीपासून राहणारी मरळ, वाम, शिंगटा हेही जीवच आहेत.

आधी दुकानदाराला विचारा, बरेच जण मासा परत घेतात. नाहीतर मोठी टाकी असलेला कुणी हौशी शोधा. विहीर किंवा शेततळं नको. पावसात भरून वाहिलं की मासा ओढ्याला लागतो. कुणीच घेत नसेल, तर पशुवैद्यांकडून त्याला वेदनेविना मरण द्या. हे लिहिताना मलाही जड जातंय, पण नदीत सोडण्यापेक्षा ते बरं.

टाकीचं पाणी गटारात नको, कुंड्यांना घाला. आतल्या वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून मगच कचऱ्यात टाका. काहींचा ओला तुकडासुद्धा पुन्हा रुजतो.