१४ जणांचा कॉयर (गाणाऱ्यांचा ग्रुप) मुंबईहून गोव्याला नेतोय, एक मैत्रीण व्हीलचेअरवर आहे, तिकिटं नि प्रवास कसं जमवू?

आमचा पण असाच ग्रुप आहे म्हणून सांगते, आधी तिलाच विचारा की नक्की कुठे मदत लागते, आपण उगाच गृहीत धरतो. मांडवी एक्सप्रेस बघा, आणि दादर-ठाण्याला न चढता सीएसएमटीलाच चढा, तिथे गाडी सुटते आणि फलाट सरळ रस्त्याच्या लेव्हलला लागतात त्यामुळे जिने-ब्रिज काही नाही, मडगावला गाडी संपते म्हणजे उतरायची पण घाई नाही. तिच्याकडे रेल्वेचं दिव्यांग कार्ड असेल तर तिचं आणि सोबतच्या एकाचं तिकीट दिव्यांग कोट्यातून वेगळं काढा, दोघांनाही सवलत मिळते. बाकी १२ जणांची दोन तिकिटं, कारण आयआरसीटीसीवर एका तिकिटावर सहाच जण बसतात. सोबत कोण ते आधीच ठरवा, प्लीज ग्रुप लीडर नको, त्याला हार्मोनियम आणि हरवलेली माणसंच पुरतात 😄

विमानाने जाणार असाल तर ४८ तास आधी एअरलाइनला कळवा.

आणि हॉलवाल्यांना स्टेजच्या पायऱ्या नि बाथरूमच्या दाराचे फोटो पाठवायला सांगा. रॅम्प नसेल तर सगळेच खाली खुर्च्यांवर बसून गा, आम्ही तसंच केलं.